दोन विमानतळ, एक कालवा

३ मार्च, सोमवार
चुकलं! पुन्हा माझ्या प्रवाशांचं पुढचं विमान चुकलं! आमच्या छोट्या विमानतळापासून मोठ्या विमानतळापर्यंत ११२ किलोमीटर – लागले दोन तास चाळीस मिनिटं. रेल्वे फाटकात बावीस गेली, बाजारपेठेत एकोणीस. एक मुलगी काउंटरपाशी रडायला लागली. "मुलाखत होती हो माझी!" मी बस चालवते, फाटक नाही. तरी तोंड लपवावंसं वाटलं.

४ मार्च
विमानतळाच्या मॅनेजरांनी बोलावलं. १८ तारखेला मुख्य कार्यालयातल्या मॅडम घड्याळ घेऊन बसमध्ये बसणार. दोन तासांच्या आत पोचलो तर बस राहील, नाहीतर बंद. "आणि वेगमर्यादा मोडायची नाही, बाई." म्हणजे हातपाय बांधून पोहायचं!

५ मार्च
नकाशा पसरून बसले. दुसरा रस्ता दिसला नाही.

६ मार्च
शेवटी घरी सांगितलं. सासरे ऐंशीचे, उभा जन्म रोडरोलरवर गेला. म्हणाले, "सूनबाई, कालव्याच्या कडेने का जात नाहीस? तो रस्ता मी दाबलाय."
नवरा हसला – "बाबा, तिथे आता झुडपं असतील."
बाबा भडकले. "झुडपं तुझ्या डोक्यात!"

९ मार्च, रविवार
बाबांना शेजारी बसवून आमची जुनी गाडी काढली. रस्ता शाबूत! कुठे खड्डा नाही, कुठे खचलेला नाही. प्रत्येक वळणाआधी बाबा सांगायचे – "आता डावीकडे उतार." डोळे मिटून!! ९६ किलोमीटर, एक तास चव्वेचाळीस.
पण मधल्या पुलाच्या फाटकाला कालवा खात्याचं कुलूप. चौकीदाराने बाबांकडे बघून आम्हाला सोडलं. "बस आणायची तर सही आणा."

१३ मार्च
कालवा खात्यात तिसरी खेप, आज बाबांना घेऊन. इंजिनिअर म्हणाले, पुलाला बसचा भार झेपणार नाही.
बाबांनी काठी आपटली. "साहेब, माझा दहा टनी रोलर त्यावरून गेलाय. तुम्ही तेव्हा रांगत होतात!"
मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इंजिनिअर मात्र उठले, जुनं बाड काढलं, आकडे वाचत बसले. मग हसले. सही मिळाली!!

१८ मार्च

बावीस प्रवासी, मॅडम पहिल्या सीटवर, मांडीवर घड्याळ. काटा साठच्या वर जाऊ दिला नाही. पूल पार केला आणि पुढे – ट्रॅक्टर आडवा, चाक गाळात! संपलं, म्हटलं. तेवढ्यात मागून सगळे उतरले. मॅडमसुद्धा! चपला हातात, साडी खोचलेली. "ढकला! घड्याळ चालूच आहे हं!" सहा मिनिटांत ट्रॅक्टर बाजूला.
एक तास त्रेपन्न!
टाळ्या, शिट्ट्या. सगळ्यांना विमान मिळालं. घरी फोन केला, तर बाबा नुसतं म्हणाले, "मग!"

१९ मार्च
बस कायम. पत्र आलं. दहा वेळा वाचलं.

२१ मार्च, शुक्रवार
मॅनेजरांनी आज दार लावून सांगितलं – प्रश्न बसचा नव्हताच. दोन तास जमले नसते तर आमचा अख्खा विमानतळ बंद होणार होता; पुढचं विमान चुकत असेल तर इथे उतरणार कोण? एकशे चाळीस माणसं घरी बसली असती.
"मला आधी का नाही सांगितलंत?"
"सांगितलं असतं, तर तुम्ही गाडी पळवली असती."