खालचा मजला

१२ नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? लेकीची परीक्षा नीट पार पडली ना? अक्षर बघून घाबरू नका. उजवा हात जरा दुखावलाय, म्हणून डाव्याने लिहितेय. फोनच केला असता, पण मी तुमच्याशी बोलायला लागले की तुमचा भाऊ छोटू शेजारी येऊन बसतो.

तिकडचा फ्लॅट विकून आमच्या समोरचं घर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत. त्याने पाठवलेले फोटो खरे आहेत. बाग आहे, ऊन येतं, छप्पर नवं आहे. किमतीचंही तो खोटं सांगत नाही. तिकडे लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर वन रूम किचन जेवढ्याला मिळतं, तेवढ्यात इथे परदेशात दुमजली घर. आठवतं, तुमच्याकडे जेवताना त्याने चार देशांतल्या घरांचे दर तोंडपाठ म्हणून दाखवले होते? ताटातलं सगळं गार होऊन गेलं, तरी गडी थांबेना. किती हसलो होतो आपण.

स्वस्त का, ते मात्र त्याने तुम्हाला सांगितलंय की नाही कोण जाणे. आमचं घर स्वस्त मिळालं, कारण ते रिकामं नव्हतं. खालच्या मजल्यावर आबा राहतात. आबा हे आम्हीच ठेवलेलं नाव. जन्मभर बस चालवली, बायको गेली, मूलबाळ नाही. ते जिवंत असेपर्यंत खालचा मजला त्यांचा, आम्ही वरच्या दोन खोल्यांत. त्यांच्या माघारी सगळं आमचं, असा व्यवहार. तुमच्यासाठी बघितलेल्या घरातही अशीच एक आजी आहे. फोटोत ती दिसत नाही, कारण छोटूने तिला जरा बाजूला उभं राहायला सांगितलं होतं.

आमचं घर पहिल्यांदा बघून निघालो तेव्हा फाटकापाशी तो म्हणाला, "खोकला ऐकलास? दोन हिवाळे. फार तर तीन."

आता हा सहावा.

आम्ही कामाला निघताना आबा रोज दारात उभे असायचे. "माफ करा हं, आज पण उठलो!" सुरुवातीला आम्ही तिघंही पोट धरून हसायचो. मग मी त्यांना वरून जेवण द्यायला लागले. खोकला गेला, गालांवर मांस चढलं. "तूच पोसतेयस त्यांना," छोटू एकदा म्हणाला. मी हसले. तो हसला नाही.

त्याचं काम कमी झालंय, हे त्याने तुम्हाला कळवलं नसेल. खालचा मजला भाड्याने देता आला असता तर, हेच आता दिवसभर पालुपद. एका रविवारी खाली गेले, तर आबा खुर्चीत डुलक्या घेत होते आणि तुमचा भाऊ त्यांच्या पायांवरून टेप ओढून खोली मोजत होता. मला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं. त्यांची झोप मोडू नये म्हणून.

मग ते बल्बचं झालं. तळघरात उतरायचा जिना दगडी, अरुंद, भर दुपारीही काळोखा. आबांची शेगडीची लाकडं तिथेच असतात. जिन्यात दिवा लागेना म्हणून मी नवा बल्ब लावला. दोन दिवसांनी तो जागेवर नव्हता. गेला नव्हता ताई, काढलेला होता. मी पुन्हा लावला. पुन्हा काढलेला. मी छोटूला विचारलं नाही. का नाही, ते कृपा करून मला विचारू नका.

आबांना म्हटलं, "तुम्ही उतरू नका, लाकडं मी आणत जाईन." त्यांनी खिशातून छोटीशी बॅटरी काढून दाखवली.

"कधीपासून ठेवलीय मी, मुली."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तुमच्याशिवाय माझं आहे कोण?"

गेल्या शुक्रवारी त्यांना ताप होता. संध्याकाळी हाडं गोठवणारी थंडी. मी त्यांचा जाडा कोट अंगावर चढवला आणि लाकडं आणायला निघाले. बॅटरी घ्यायचं सुचलंच नाही. मधल्या पायरीवर पाय निसटला तो थेट तळाशी. हात अंगाखाली सापडला. श्वास असा कोंडला की हाक फुटेना.

वर दाराच्या उजेडात छोटू येऊन उभा राहिला. मला वाटलं, आला, सुटले. तो खाली बघत होता. त्याला कोट दिसत असणार. तो ओरडला नाही, धावला नाही. नुसता कानोसा घेत उभा राहिला. आणि मग त्याने दार हळूच ओढून घेतलं.

मला वर काढलं ते आबांनी. तापाने फणफणलेले, मी परतले नाही म्हणून भिंतीला धरून धरून उतरले. त्यांच्या हाका ऐकून छोटू खाली आला. आधी त्याला उभे असलेले आबा दिसले, मग मी. तोंडावरचा रंगच उतरला त्याच्या.

"तू होतीस?"

लागलं का, पडलीस कशी, काही नाही. "तू होतीस?" एवढंच.

आता हाताला प्लास्टर आहे. तो माझी वेणी घालतो, घास भरवतो. जिन्यात त्याने इतका मोठा दिवा लावलाय की डोळे दिपतात. आबा सकाळी दारात येतात, पण 'माफ करा' म्हणत नाहीत. हात दुखतो, चढउतार नको, असं सांगून मी अंथरूण खाली, आबांच्या स्वयंपाकघरात आणलंय. "बरं आहे की," छोटू म्हणाला. "तुम्ही दोघं खाली, मी एकटा वर." आणि रोज जेवताना विचारतो, "पडलीस तेव्हा शुद्धीत होतीस का गं?"

मी रोज सांगते, काही आठवत नाही.

ताई, फ्लॅट विकू नका. कशावरही सही करू नका. मला निघून जाता येईल, पण मी गेले की या घरात ते दोघंच उरतील. तुम्ही त्याला लहानाचा मोठा केलात. तुमच्यासमोर त्याची मान अजून वर होत नाही. उत्तर पाठवू नका, टपाल तोच उघडतो. येणार हे त्याला कळवूही नका.

नुसत्या या. लवकर.

तुमची,
वहिनी