धुतलेली ओढणी

प्रिय आईला, इथूनच वाकून नमस्कार.

माझी तब्येत उत्तम आहे, खोली उबदार आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

मी इथे काय शिकते, असं शेजारच्या काकू विचारतात ना? त्यांना सांग, उंदरांची पिलं रोज थोडा वेळ आईपासून तोडायची आणि पुढे त्यांच्या मेंदूचं काय होतं ते बघायचं. याला पीएचडी म्हणतात. आमच्या मॅडम म्हणतात, "तुझा हात हलका आहे, पिलांना कळतसुद्धा नाही." माझ्या छकुलीला झोपेत सोडून निघाले, तिथेच हात बसला.

पिलं परत ठेवताना त्यांच्याच घरट्यातल्या भुशात घोळवावी लागतात. वास गेला, तर आई त्यांना जवळ घेत नाही.

परवा फोनवर छकुली मला 'ताई' म्हणाली. तिला रागावू नकोस. तुला 'आई' म्हणते, मग मी ताईच की.

तिच्या उशाशी ठेवलेली माझी ओढणी तू स्वच्छ धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलीस, असं लिहिलंस. तुझा स्वच्छतेचा सोस मला ठाऊक आहे.

ती धुवायला नको होतीस, आई.

धाकटीला पापा.

तुझी थोरली