खटक्याचा चाकू

प्रिय आन्निका आत्या,

आधी बातमी सांगते, मग बाकीचं पाल्हाळ. काल मी रानडुक्कर उघडलं. एकटीनं, माझ्या खिशातल्या चाकूनं, सगळ्या मंडळींसमोर, आणि आतडं कुठेही फुटू न देता! आता मी शिकारीच्या टोळीत आहे, पूर्ण वाट्याची. तू हे जेनोव्हातल्या तुझ्या शिवणाच्या दुकानात उभ्या उभ्या वाचत असशील तर आधी खुर्ची ओढून बस, कारण पत्र लांबणार आहे. मला इतका आनंद झालाय की आज सकाळी शेळ्यांनाही सगळं सांगून झालं, आणि त्यांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.

टोळीचा नियम तुला मी काय सांगायचा? नव्या माणसानं पहिलं डुक्कर स्वतःच्या, मिटणाऱ्या चाकूनं उघडायचं. कमरेला सुरा लटकवून येतात ते शहरातले हौशी लोक. चाकू उसना घेतला तर धरत नाहीत, आतडं फुटून मांस नासलं तरी धरत नाहीत. मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुन्हा हाकाऱ्यांत. मी कितीतरी हिवाळे कुत्र्यांमागे काट्यांतून बोंबलत फिरले, आणि संध्याकाळी घरी आणायचे काय, तर बादलीभर आतडी. या वर्षी मी बाबांना सरळ म्हटलं की मला उघडायला द्या. ते टोळीचे नायक असल्यामुळे शब्द त्यांचाच. त्यांनी चीज कापता कापता वरही न बघता सांगितलं, "चाकू आण. मग बघू." आई म्हणाली, "म्हणजे नाहीच म्हणतायत ते." पण मला त्यात नाही ऐकू आलं नाही, आणि मी दुसऱ्याच दिवशी पात्तादा गावाचा रस्ता धरला.

मियालिनू काका अजून चाकू करतात. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. मी गेले ती मेंदीच्या पानासारखं लांब टोकदार पातं आणि आरशासारखी घासलेली मेंढ्याच्या शिंगाची मूठ मनात धरून. आपल्या घरोघरी देव्हाऱ्यातल्यासारखे जपलेले असतात ना, तसला. काकांनी माझा हात उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "भिंतीवर टांगायचाय की डुकरात घालायचाय?" मग त्यांनी समजावलं. टोक जितकं अणकुचीदार तितकं ते आतड्यात आधी शिरतं. त्यापेक्षा पातं पोटाशी रुंद आणि गोलसर हवं, टोक जरासं खाली झुकलेलं, आणि लांबी माझ्या तळव्याएवढीच, म्हणजे आत न दिसता काम करताना टोक कुठे आहे ते बोटांना कळतं. मूठ घासून गुळगुळीत केली की रक्तानं निसटते, म्हणून शिंग खरखरीतच ठेवायचं. हे सगळं मी ऐकलं. मग मी म्हटलं, "आणि काका, मला खटका हवा." म्हणजे पातं उघडल्यावर आपोआप मिटू नये यासाठी आतून अडवणारी पट्टी. आपल्या जुन्या चाकूंना ती नसते, हे तुला ठाऊक आहे. काका ऐरणीपासून उठलेच. "माझ्या बापानं कधी खटका केला नाही!" मी म्हटलं, "तुमच्या बापाच्या उजव्या हाताला बोटं किती होती?" ते इतके हसले की त्यांच्या सुनेनं आतून येऊन पाणी दिलं. खटका करून दिला त्यांनी. निघताना दारात मात्र तुझी चौकशी केली, आणि एक गोष्ट सांगितली. ती शेवटी लिहिते.

चाकू घेणं सोपं, सांभाळणं म्हणजे घरात आणखी एक जनावर पाळणं. हे पोलाद धार पटकन घेतं, पण ओल दिसली की रुसतं. कामावरून आलं की आधी पुसायचा, मग शिळ्या भाकरीच्या तुकड्यानं सांध्यातला ओशटपणा ओढून घ्यायचा, काडीनं खाच साफ करायची. कातड्याच्या म्यानात कधीच ठेवायचा नाही, कातडं ओल धरून बसतं. दगडावर धार लावताना पातं जवळजवळ निजवायचं आणि दोन्ही बाजूंना सारखं ओढायचं, शेवटी कातडी पट्ट्यावर चार हात फिरवायचे. आणि तेल! गावात सगळे सांध्यात घरचं ऑलिव्हचं तेल सोडतात, कारण ते घरचं आहे आणि घरचं ते चांगलं. मी मात्र तू मागे ठेवलेल्या शिवणयंत्राच्या कुपीतला एक थेंब सोडायची. कॉफीच्या दुकानात यावरून माझी जी चेष्टा झाली! तोरे, आपल्या पेप्पेद्दाचा मुलगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "विसेन्ता डुकराला झालर लावणार आहे." आणि खटक्याबद्दल, "ताई, कुलूप लावलंयस, किल्ली कुठे ठेवतेस?" तोही या वर्षी टोळीत येणार होता. आजोबांकडून त्याच्याकडे आलेला चाकू घेऊन, चांदीच्या कड्याचा, घासून घासून आरसा केलेला. मी हसले, पण घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, तेही लिहून टाकते.

काल दोन डुकरं पडली. ओढ्याकाठच्या सपाटीवर आणून टाकली, मंडळी गोल उभी राहिली, आणि पहिला मान तोरेला. त्यानं ऐटीत चाकू काढला. पातं बाहेर येईना. त्यानं नख घातलं, मग दोन नखं, मग चाकू मांडीवर आपटला. थंडीत ते ऑलिव्हचं तेल सांध्यात गोंदासारखं बसलं होतं! शेवटी त्यानं पातं दातांत धरलं आणि मूठ ओढायला लागला, तेव्हा बोबोरे मामा म्हणाले, "अरे, डुक्कर मेलंय, तू कुणाला चावतोयस?" हसून हसून लोकांनी एकमेकांचे खांदे धरले. तोरे चिडून म्हणाला, "कुणीतरी चाकू द्या." चाकू मागितला म्हणजे संपलं. त्याचं तोंड बघून मला खरंच वाईट वाटलं. थोडंसंच वाटलं, पण वाटलं.

मग बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरी." डुक्कर जुनं, जाड कातडीचं, मानेवर चिखलाची ढाल. मी चाकू उघडला आणि खटक्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. कुणीतरी खाकरलं. मी गुडघ्यावर बसले, दोन बोटांनी कातडी उचलली, पातं उलटं, धार वर, आणि बोटांच्या मधून पुढे सरकत गेले. पोट उघडलं, आतलं सगळं जसंच्या तसं, निळसर, वाफ निघत होती. पुढे छातीचं हाड. तिथे दोन्ही हातांनी जोर लावायचा असतो. मी लावला आणि माझा हात घसरला. आत्या, जुना चाकू असता तर सांधा मिटून हात सरळ पात्यावरच गेला असता! खटक्यानं पातं जागचं हलू दिलं नाही आणि खरखरीत शिंगानं तळवा धरून ठेवला. बाबांनी एक पाऊल पुढे टाकलं होतं. मी ओरडले, "कुणी हात लावायचा नाही!" ते तिथेच थांबले. मी हाड चिरलं, आतडी एका हिसक्यात बाहेर गवतावर काढली, आणि मूत्राशय न फुटलेलं वर धरून दाखवलं. मग जो गलका झाला! बोबोरे मामांनी बंदुकीचा बार हवेत काढला, कुत्री वेड्यासारखी भुंकायला लागली, आणि सगळ्यांत आधी मिर्तोच्या दारूची बाटली माझ्या हातात कुणी दिली असेल तर तोरेनं. म्हणाला, "घे ताई. आणि ती तेलाची कुपी उद्या मला दे."

आता मियालिनू काकांनी दारात सांगितलेली गोष्ट. तू गाव का सोडलंस ते आमच्या घरी कधी कुणी बोललं नाही. मला वाटायचं, शहराची ओढ. काकांनी सांगितलं की तूही असंच डुक्कर उघडलं होतंस, माझ्याहून सफाईनं. मग वाटे पडले. बाबा नवे नायक, रीतीप्रमाणे, ढीग दिसू नयेत म्हणून पाठ करून उभे. वाटे पाडणारा एकेका ढिगाकडे बोट करून विचारत गेला, "हा कुणाचा?" आणि बाबा नावं पुकारत गेले. शेवटचा ढीग तुझा होता. बाबा म्हणाले, "कुत्र्यांचा." काल वाटे पाडायचा मान माझा होता. मी माणसं मोजली आणि एक ढीग जास्त घातला. बाबा पाठ करून उभे राहिले. मी विचारत गेले, ते पुकारत गेले. माझं नाव त्यांनी इतक्या मोठ्यानं घेतलं की पलीकडच्या डोंगरावरून परत आलं. मग तो एक ढीग उरला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, "बाबा, हा कुणाचा?" मी पुन्हा विचारलं. त्यांची पाठ तशीच होती, पण त्यांनी टोपी काढली, आणि म्हणाले, "आन्निकाचा." कुणी हसलं नाही. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं ते मांस मिठात घातलं आणि मला म्हणाले, "कळव तिला." तू ओळखतेस त्यांना, याहून जास्त ते बोलायचे नाहीत. मी म्हटलं, बोटीनं पाठवून देऊ का? तर केवढे खेकसले माझ्यावर, "वाटा कधी पाठवतात का? ज्याचा त्यानं उचलायचा असतो." तेव्हा आत्या, ये आणि उचल.

तुझीच,
विसेन्ता