पाटीवरचं कुंकू

माय, तुझ्या माहेरचा जपानी रेडिओ आता लातूरला माझ्या टेबलावर आहे. तू गेल्यावर बरीच वर्षं तो उदगीरला धाकट्या भावाकडे माळ्यावर पडून होता. महायुद्ध संपल्यावर तुझ्या वडिलांनी ब्रह्मदेशातल्या फौजेच्या गोदामातून तो देवणीला आणला आणि तुझ्या लग्नात भांड्यांबरोबर तो आपल्या घरी आला, एवढंच मला ठाऊक. त्याचा आवाज आपल्यापैकी कुणीच कधी ऐकला नाही. तरी त्याच्यामुळेच मला हा नाद लागला. अशा लष्करी जपानी रेडिओंनी मी आता एक खोली भरली आहे. प्रत्येकाचे फोटो काढतो, आतले व्हॉल्व्ह तपासतो, कारखान्याच्या पितळी पाटीवरचा क्रमांक उतरवतो आणि संग्राहकांच्या सामाईक यादीत नोंद करतो. भाषणांना आता फारसं कुणी बोलावत नाही. घरातही बोलायला कुणी नाही. दिवस त्या खोलीत जातो.

तुझा रेडिओ मात्र नोंदवायचा राहिला होता, कारण त्याच्या पितळी पाटीवर तुझं कुंकू आहे. दर खंडेनवमीला तू विळे, कुऱ्हाड, दुकानाचा तराजू धुऊन पुजायचीस आणि शेवटी याच्यापुढे बसायचीस. ओल्या कुंकवाचं बोट, दरसाल एकावर एक. एका वर्षी मी चौकातली सभा गाजवून आलोय, घसा बसलाय, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तुलाही भाषणच देतोय. "हे आक्रमकांच्या फौजेचं यंत्र आहे माय. माणसं मारणाऱ्यांचं. त्याला कुंकू?"

तू तव्यावरची भाकरी उलटतेस. "ह्यानं कुणाला मारलं रे?"

"याच्यावर हुकूम यायचे!"

"मंग हुकूम देणाऱ्याला जाऊन बोल की. ह्याला बोलायाच येत न्हाई, नुसतं ऐकतंय बिचारं. तुझ्या सभेला असले चार बसव. आता बस, भाकर गार व्हायलीय."

भरला चौक पेटवून आलेला मी त्या दिवशी पाट ओढून जेवायला बसलो.

परवा नांदेडच्या एका संग्राहकाला फोटो पाठवला, तर लगेच फोन. "सर, नंबर कुठंय? सगळं लालच दिसायलंय."

"कुंकू आहे ते."

"मग स्पिरिटचा बोळा फिरवा की! एवढे परखड बोलणारे तुम्ही, कुंकवाला भिऊन राहिले का?"

त्यांचं बरोबर आहे. पुराव्याशिवाय बोलू नका, हे मी जन्मभर ओरडून सांगितलं. त्या क्रमांकावरून कदाचित कारखाना कळेल, साल कळेल. मी बोळा भिजवला, पाटीजवळ नेला. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. वरच्या थरात तुझ्या बोटाच्या रेषा दिसल्या, अगदी स्पष्ट, टोकाला विळ्याच्या जुन्या कापाची आडवी खूण. घरात तुझा फोटो एकच, त्यातही चेहरा पदराआड. बोळा हातातच सुकला.

संध्याकाळी नोंद करून टाकली. हा कागद रेडिओखाली सरकवून ठेवतो, दुसरीकडे कुठं पाठवणार? क्रमांकाच्या रकान्यात मी 'वाचता येत नाही' असं लिहिलंय. ते खोटं आहे, माय. पुसलं तर येतं.