प्रवाळासाठी मर्क्युरीचा दिवा

बेळगाव, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९८५

घटना क्रमाने अशी. मालवणहून आणलेले जिवंत प्रवाळ माझ्या काचेच्या टाकीत, दोन ट्यूबलाइटच्या उजेडात, पंधरा दिवस मिटून होते. आणखी आठवड्यात मेलेच असते. प्रवाळ उजेडावर जगते, अधिक प्रकाश हवा, असे म्हणताच शहापूरचे मासेवाले आप्पा भर दुकानात हसले, "बाई, दोन ट्यूब पुरत्यात की. मासं काय पुस्तकं वाचत्यात व्हय?" प्रवाळाला मासा म्हणणाऱ्याशी वाद काय घालावा? नवा मोठा दिवा परवडणारा नव्हता. म्हणून धाकट्या भावाने रविवारी उद्यमबागेतील त्याच्या फाउंड्रीतून मोडीत काढलेला मर्क्युरीचा दिवा आणून पाण्याच्या दोन हात वर टांगला.

आज सायंकाळी प्रवाळ उघडले! प्रत्येक स्पर्शिका, तोंडाभोवतीचा बोटासारखा तंतू, ताठ. पाणी बदलल्यामुळे तर नव्हे? नाही, मुद्दामच बदलले नव्हते. प्रत्येक स्पर्शिका!

भाऊ ओरडला, "आक्का, उघडलं गं! आप्पाला बोलवून दावूया."

नुसते बोलावून भागणार नाही. चिठ्ठी तयार आहे: 'दोन ट्यूब पुरतात, हे आपले मत चुकीचे ठरले आहे. प्रत्यक्ष येऊन पाहावे व चूक मान्य असल्याचे सहीनिशी लेखी कळवावे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही.'