टाकीच्या दाराशी

११ फेब्रुवारी, मंगळवार
पाय घोट्यापर्यंत जांभळे. साबण लावून घासले, जात नाही. खोलीवरचा बाळू म्हणतो हंगाम संपेपर्यंत असंच, बायको ओळखणार नाही. म्हटलं आधी बायको तर येऊ दे.

वाईनच्या कंपनीत लागून महिना झाला असेल. याआधी सातपूरला प्रेसवर, त्याआधी चाकण, त्याआधी पुणे. कुठंच बूड टेकत नाही माझं. भीती वाटली की बॅग भरतो. इथं मला सगळे परभणी म्हणतात. हिंगोली, हिंगोली सांगून थकलो. त्यांना तिकडचं सगळं एकच.

आज सात नंबरची टाकी रिकामी केली. वाईन काढून घेतली की खाली द्राक्षाचा चोथा उरतो, छातीइतका. खालच्या बारक्या दारातून एकानं आत शिरायचं आणि फावड्यानं बाहेर ओढायचा. दुसरा दाराशी उभा. आतल्याच्या कमरेला दोरी, टोक दाराशीच्याच्या हातात, असा नियम. चोथ्यातून गॅस निघतो, दिसत नाही, म्हणून वर पंखा लावतात.

दोरी सगळे बांधतात. फक्त घोटीकडचे दोघं भाऊ नाही. देवराम थोरला, किसन धाकटा. भाताचं काम उरकलं की दर वर्षी येतात, जोडीनंच काम मागतात. मुकादम आज ओरडला तर किसन म्हणे, "दाराशी सख्खा भाऊ हाय ना उभा. त्याच्यापेक्षा दोरी पक्की का?"

सगळे हसले. मी पण.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
काल लिहिलं नाही. आज पण नीट

काल दुपारी. किसन आत, देवराम दाराशी, मी मागं पाट्या उचलायला. लाईट गेली. पंखा थांबला. रोज जाते, रोज येते, कोणी लक्ष दिलं नाही. आत किसनचं गुणगुणणं चालू, फावड्याची खरखर चालू. मग खरखर बंद.

दे. हसला. "ए किसन्या, झोपला का रं?" किसनला असले चाळे लई. मागच्या आठवड्यात आत मेल्यासारखा पडून राहिला होता, भावाच्या शिव्या खाल्ल्या मग उठला.

दे. वाकला, बघितलं. हसू गेलं. डोकं आणि एक खांदा दारात घातला.

मी त्याला मागून मिठी घालून धरलं.

एवढंच केलं मी. तो ओरडत होता, "सोड! भाऊ हाय माझा! सोड भडव्या!" कोपर मारलं, ओठ फुटला, एक दात हलतोय. सोडलं नाही. बाळू जनरेटरकडं पळाला. कामावरचे शिंदे साहेब लांब दांड्याचं दाताळं घेऊन आले, किसनच्या पँटीत अडकवलं, चार जणांनी ओढला. तोंडात चोथा. डोळे उघडे पण बघत नव्हते.

दोरी असती तर लगेच ओढला असता.

नाशिकला हॉस्पिटलात आहे. मशीनवर. जगेल का विचारलं तर साहेब म्हणाले, बघू.

माझे हात दुसऱ्यांनी सोडवले. मला वाटत होतं मी कधीच सोडलंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
गेटसमोरच्या टपरीवर आज सगळे शूर.
"मी असतो तर तोंडाला ओला रुमाल बांधला असता अन् सरळ आत."
"मी असतो तर आधी वरचं झाकण उघडलं असतं."
एक ट्रकवाला, द्राक्षं घेऊन येतो तो, मला ओळखत नाही. म्हणाला, "मी त्याच्या जागी असतो ना, त्या धरणाऱ्याला आधी आडवा केला असता. भाऊ मरतोय आणि हा मिठी मारतोय."
टपरीवाल्या काकू बोलल्या, "मग आज दोन तिरड्या बांधल्या असत्या. चहा घे गपचूप."
मी चहा अर्धा टाकून आलो.

साहेबांनी पाठ थोपटली. "गजानन, तुझ्यामुळं एक जीव वाचला. ट्रेनिंग बरोबर लक्षात ठेवलंस." एक जण पडला की दुसऱ्यानं त्याच्यामागं आत जायचं नाही, असं त्यात सांगितलं होतं म्हणे. ट्रेनिंगच्या दिवशी मी मागं बसून झोपलो होतो.

काहीच आठवलं नव्हतं मला. गॅस नाही, नियम नाही. जीव घाबरला आणि हाताशी जे होतं ते धरलं. दे. होता. खांब असता तर खांब धरला असता. हे साहेबांना सांगायला तोंड उघडलं होतं, ते निघून गेले.

१६ फेब्रुवारी, रविवार
हॉस्पिटलात गेलो. बाळू नको म्हणत होता. "देवरामनं सांगितलंय, परभणीला सोडणार नाय. कशाला जातो मरायला?" तरी गेलो. न जाता खोलीत बसून जास्त भीती वाटत होती.

किसन काचेपलीकडं. नळ्या. छाती वरखाली होते ती मशीन करते.

त्यांची आई बाहेर फरशीवर बसलेली. मी कोण ते सांगितलं. तिनं माझा हात ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला, बघत राहिली. म्हणाली, "लय घट्ट धरलं रं तू. माझ्या देवरामच्या बरगड्या निळ्या झाल्यात." बरं केलं म्हणाली नाही. वाईट केलं पण नाही. हात सोडला, पदर सारखा केला.

दे. जिन्यात उभा होता. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं थांबलो. अंगावर येईल वाटलं. आला नाही. भिंतीकडं बघून बोलला, हळू.
"गावच्या विहिरीत तळाची माती घेऊन वर येतो मी. पोरं शर्यत लावतात. श्वास धरून गेलो असतो, काखेत धरला असता, आणला असता. तू मला ते पण करू दिलं नाय."
मी नळ सोडला, ओंजळ धरली.
"माझा भाऊ गेला तर तुझ्यामुळं गेला. साहेब शाबासकी देतोय तुला, घे. पण माझ्या डोळ्यात बघून घे."
बघितलं नाही मी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
पलंगाखाली पिशवी सरकवून ठेवली. श्वास धरायचा, वाकायचं, शिरायचं, पिशवी ओढून बाहेर. जमतं. पिशवी हलकी आहे म्हणून. मग बाळूला झोपवलं पलंगाखाली. तो म्हणाला येडा झालास का, पण झोपला. त्याला हलवायला गेलो आणि श्वास सुटला. पुन्हा केलं, पुन्हा सुटला. बाळू खालून म्हणतो, "मेलो मी. तुझ्या नादानं दोनदा मेलो."

पण मी विहिरीत पोहत नाही. दे. पोहतो. त्याला जमलं असतं? अर्धा वेळ वाटतं हो. अर्धा वेळ वाटतं दोघं पडले असते. वरचेवर तेच. जेवताना पण.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आज सत्कार केला माझा. खरंच. आवारात खुर्च्या, माईक, बायका पण बोलावल्या द्राक्ष निवडणीवरच्या. मोठे साहेब आले. प्रसंगावधान प्रसंगावधान किती वेळा म्हणाले. शाल, नारळ, फोटो. नाही म्हणायचं ठरवून गेलो होतो. नाव घेतल्यावर पाय आपोआप पुढं गेले. टाळ्या वाजल्या तेव्हा मान खाली.

खोलीवर बाळू म्हणाला, "परभणी, तुला शाल, त्याला सलाईन." हसण्यावारी म्हणाला. मग स्वतःच शालीची घडी घालायला लागला.

शाल आईला पाठवावी वाटलं. पण कशाबद्दल मिळाली विचारलं तर

२२ फेब्रुवारी, शनिवार
नवीन तऱ्हा. माझ्यासोबत कोणी जोडी करायला तयार नाही. सगळे टाळ्या वाजवणारेच. मुकादमानं एकेकाला विचारलं. कोणाची पाठ दुखते, कोणाला ताप. शेवटी पेठकडचा एक म्हातारा तोंडावर बोलला, "तो दाराशी असला आणि मी आत पडलो, तर येणाऱ्याला पण धरून ठेवील तो. नको."
मुकादम म्हणाला, "अरे त्यानं बरोबर केलं होतं."
"बरोबरच केलं. पण माझ्या दाराशी नको."
राग आला नाही. मी पण नसतो आत शिरलो माझ्या भरवशावर.

२४ फेब्रुवारी, सोमवार
बाळू तयार झाला. मी आत, तो दाराशी. आता दोरी दोनदा तपासतात, गॅसचा मीटर लावतात, साहेब स्वतः उभे. सगळं ठीक आहे म्हणाले. डोकं आत घातलं. तोच वास, आंबूस गोड. एक पाय आत ठेवला. चोथा गरम होता. त्यात किसनच्या अंगाचा खळगा अजून असेल असं वाटलं. ही टाकी ती नव्हेच, मला माहीत होतं. तरी.

उलटा बाहेर आलो. कोणी हसलं नाही ते जास्त लागलं. साहेबांनी पाट्या उचलायला लावलं.

आईचा फोन. "काय करायलास? आवाज असा काहून?" सर्दी म्हटलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र
उपास. काकूंनी टपरीवर सगळ्यांना खिचडी केली. तिथंच बातमी आली. किसननं डोळे उघडले. मशीन काढली. पण बोलत नाही, कोणाला ओळखत नाही. आईनं नाव घेतलं तर छताकडं बघतो. डॉक्टर म्हणतात ओळख येईल किंवा येणार नाही, आत्ता सांगता येत नाही.

सगळ्यांनी देवाला हात जोडले. मी पण जोडले. नक्की काय मागत होतो? किसन बरा व्हावा, का मी सुटावा? दोन्ही एकच होतं का, बघायची हिंमत झाली नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
दे. कामावर आला.

सकाळी गेटातून येताना दिसला आणि माझ्या हातातली पाटी पडली. दाढी वाढलेली. बारीक झालाय. दिवसभर पाईप धुतले. मी जिथं असेन तिथून दूर. दुपारी जेवताना एकटा बसला, समोर दोन भाकऱ्या, एकच खाल्ली.

संध्याकाळी नळावर पाय धूत होतो. मागं येऊन उभा राहिला. सावलीवरून कळलं. वळायला जीव होत नव्हता.
"बारा नंबरची टाकी हाय उद्या. मुकादमाला सांगितलंय मी. तू आन् मी जोडी."
म्हटलं, "माझ्यासोबत कोणी येत नाही."
"म्हणून तर."
"साहेब हो म्हणाले?"
"त्यांना माणूस पायजे कामाला."
मी दुसरा पाय नळाखाली धरला. मी विचारलं, "किसन?"
"आज आईकडं बघून हसला. आईला वाटतं हसला. मला नाय वाटत."
मी शेवटी वळलो. डोळ्यात बघितलं त्याच्या. त्यात राग आहे का ते कळलं नाही. लाल होते, पण जागरणानं पण होतात.
"देवरामभाऊ, उद्या आत कोण? दाराशी कोण?"
"सकाळी ठरवू." नळ बंद केला त्यानं आणि गेला.

बॅग भरून झाली. बाळू बघतोय. रात्रीची गाडी आहे, नाशिकहून सरळ हिंगोली. पुण्याहून असाच निघालो, चाकणहून असाच.

आत्ता आईचा फोन आला. बॅग पायाशी होती. तिनं विचारलं, "उद्या सुट्टी हाय का बाबा? ये की घरी दोन दिवस."
मी म्हटलं, "नाही गं, उद्या टाकी आहे."
फोन ठेवल्यावर कळलं मी काय बोललो.