अकरा मजल्यांचे दिवे

१२ जानेवारी

सेनापती बापट रस्त्यावरच्या त्या काचेच्या ऑफिससमोर आज तिसरी रात्र. त्यात रविवार! खाली एक दिवा, वर अकरा मजले काळेठिक्कर. ट्रायपॉड लावून तासभर उभी.

शेवटी वॉचमनच जवळ आला. बद्रीनाथ, बुलढाण्याकडचा. "काहून मॅडम, अंधाराचाच फोटो काढून राहिल्या?" म्हटलं, सगळे दिवे लागले असते तर! "मंग लावतो नं," म्हणाला आणि गेला. रात्री लिफ्ट बंद असते, हे मला नंतर कळलं. एकेक मजला उजळत वर गेला — मी बघतच राहिले! त्यानं खाली यायला बराच वेळ लावला. तेवढ्यात मी फोटो घेतले.

आला तो घामाघूम. एवढंच म्हणाला, "माह्या नम्रताले पाठवा हा फोटो. बाप कुठं काम करते, पाहीन ते." कागदावर तिचा नंबर लिहून दिला. पाठवते म्हटलं.

१४ जानेवारी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दांडी. दिवसभर फोटोवर बसले. सातव्या मजल्यावर मधल्या खिडकीत एक काळा डाग. बाकी सगळ्या काचा लखलखीत आणि तेवढीच घाण! पुसून टाकला. फोटोग्राफी क्लबच्या स्पर्धेला पाठवून दिला.

नम्रताला पाठवायचा राहिला. उद्या.

२ फेब्रुवारी

पहिला नंबर! या वयात!

स्पर्धेचा नियम एकच — काही घडवून आणायचं नाही, जसं असेल तसं टिपायचं. परीक्षकांनी माईकवरच विचारलं, "शैलाताई, हा क्षण सापडला कसा?" मी म्हणाले, "तीन रात्री वाट पाहिली. नशिबानं दिवे लागले." टाळ्या! खोटं बोलताना माझा आवाजसुद्धा हलला नाही. घरी आल्यावर आरशात बघवेना.

५ फेब्रुवारी

फोटो पेपरात आला आणि त्या ऑफिसच्या मॅनेजरचा फोन. "दिवे कुणी लावले? तुम्ही सांगितलं होतं का वॉचमनला?"

नुसतं "हो" म्हणायचं होतं. त्याची नोकरी वाचली असती, माझं बक्षीस गेलं असतं. मी म्हणाले, "मी रस्त्यावरून फोटो काढला. दिवे आधीपासूनच चालू होते."

चौतीस वर्षं बँकेत बसून सही जुळत नाही म्हणून लोकांना झापलं. आणि मी ही अशी! लाज वाटते. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

६ फेब्रुवारी

झोप नाही. पेठेतल्या दोघीतिघी अभिनंदनाला आल्या. डोकं दुखतंय म्हणून दारातूनच वाटेला लावल्या.

११ फेब्रुवारी

पाच दिवस धीर गोळा करून आज गेले. गेटवर नवा वॉचमन. "बद्रीनाथला काढलं, ताई. गावी गेला. साहेबांनी लय विचारलं, पण एकच धोशा — मला कुणी नाही सांगितलं, बिल्डिंग उजळलेली मलाच बघायची होती."

माझं नाव घेतलं नाही! तिथेच कठड्यावर बसले. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, तरी उठवेना.

१२ फेब्रुवारी

मॅनेजरला फोन करून खरं ते सांगितलं. "आता सांगून काय उपयोग, मॅडम?" बरोबर आहे त्याचं. बद्रीनाथला परत घ्या म्हणून विनवलं. "बघू," म्हणाला. म्हणजे नाहीच. क्लबला कळवलं, बक्षीस परत घ्या, मी खोटं बोलले.

मग पर्समधून तो चुरगळलेला कागद काढला. नम्रताला फोटो पाठवला. खाली लिहिलं, "हे सगळे दिवे तुझ्या बाबांनी लावले."

महिन्याभरानं! पण जरा हलकं वाटलं.

१३ फेब्रुवारी

नम्रताचं उत्तर. "काकू, फोटो एकदम भारी! बाबा म्हणतात, उतरताना ते मुद्दाम सातव्या मजल्यावर मधल्या खिडकीत उभे राहिले होते, मला दिसावं म्हणून. मी खूप मोठा करून पाहिला, पण दिसत नाहीत. तुमच्याकडच्या फोटोत दिसतात का?"